बोलीच्या नकाशावरची जाड रेघ

बारामतीजवळच्या माळेगावहून पुण्याला एम.ए.ला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात माझ्या तोंडून 'हाय' गेलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी 'हॅलो' म्हणालं. पुढची दोन वर्षं मी घासूनपुसून 'आहे' म्हणत राहिले. नंतर बोलींच्या प्रकल्पावर नोकरी मिळाली ती मात्र त्या 'हाय'मुळंच. जाहिरातीत 'स्थानिक बोलीची जाण' मागितली होती.

काम सोपं होतं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गावांत जायचं, चित्रं दाखवायची, माणसं काय बोलतात ते रेकॉर्ड करायचं आणि जसंच्या तसं लिहून काढायचं. एका गावचा शब्द दुसऱ्या गावच्या शब्दासारखा करायला किती अक्षरं बदलावी लागतात, ते संगणक मोजणार. बदल जास्त, तर अंतर जास्त. मग त्या हिशेबानं तो गावांना रंग देणार. बारामतीची बाजू माझ्याकडं आली, इंदापूरची माझ्या मैत्रिणीकडं. ती पुण्याच्या पेठेत वाढलेली, कामाला वाघ, आणि 'खेड्यातली माणसं किती गोड बोलतात' असं दिवसातून दोनदा म्हणणारी.

नकाशा पडद्यावर आला तेव्हा आमचे प्रकल्पप्रमुख सर खुर्चीतून उठलेच. बारामती तालुका गडद तांबडा, इंदापूर फिकट निळा, मध्ये जाड रेघ. तालुक्याची हद्द इतकी नेमकी तलाठ्यालाही आखता आली नसती. सरांना कारण सापडायला चहा संपेपर्यंतही वेळ लागला नाही.

"कालवा," ते म्हणाले. "ज्या भागाला पाणी आधी मिळालं, तिथं ऊस आला, कारखाना आला, माणसं एका जागी राहिली, बोली घट्ट झाली. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या भागाला पाणी उशिरा पोचलं. तिथली बोली प्रमाण भाषेकडं झुकली."

पाण्याचा आणि 'न्हाय'चा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, त्यात माझीही होती. एका परिसंवादात सरांनी हेच मांडलं आणि टाळ्या घेतल्या.

मला खटकत होती ती एकच गोष्ट. माझी मावशी इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला दिलेली. तिच्या आणि माझ्या आईच्या बोलण्यात फरक असलाच तर आवाजाच्या पट्टीचा. म्हणून एका दुपारी मी हेडफोन लावून वरकुट्याचं रेकॉर्डिंग ऐकलं. एक तात्या चित्र बघून सांगत होते, "ह्यो इळा हाय. हितं समदी इळाच म्हंत्यात." समोरच्या कागदावर मैत्रिणीनं लिहिलं होतं, 'हा विळा आहे. इथे सगळे विळाच म्हणतात.'

मी तिला ते ऐकवलं.

"हो, पण त्यांना तेच म्हणायचं होतं ना?" ती मनापासून म्हणाली. "आपण कशाला त्यांचं अशुद्ध छापायचं? वाईट दिसतं."

तिनं दयाबुद्धीनं अख्खा इंदापूर तालुका सुधारून ठेवला होता. मी सरांकडं गेले.

"म्हणजे ती रेघ..." सर थांबले.

"तालुक्यांमधली नाही, सर. आमच्या दोघींमधली आहे."

"मग कालव्याचं काय करायचं?"

"तो आहे तिथं राहू दे, सर."

सगळं पुन्हा लिहायचं ठरलं, आणि एकाच व्यक्तीनं. अर्थात मी. मी मोठ्या तोऱ्यात बसले. इंदापूर संपवलं आणि आपलं बरोबरच असणार म्हणून बारामतीवरनं नुसता हात फिरवायला घेतला. माळेगावच्या कारखान्यातले एक निवृत्त कारकून स्वच्छ 'आहे', 'नाही' म्हणत होते. माझ्या कागदावर 'हाय', 'न्हाय'. एखादी चूक होतेच, म्हणून पुढं गेले. पुढं एक नर्स, मग कॉलेजच्या दोन मुली, मग पतसंस्थेतला माणूस. माझ्या गावची जी जी माणसं गावासारखी बोलली नव्हती, त्यांना मी गावासारखं बोलायला लावलं होतं. मैत्रिणीनं माणसं धुऊन काढली होती, मी त्यांना चिखल फासला होता. आणि बोलीची जाण म्हणून पगार घेत होते मी.

आधी मैत्रिणीला सांगितलं. ती हसली, पण तिच्या हसण्यात सूड नव्हता, हेच जास्त लागलं.

"म्हणजे तूही शुद्धलेखनच तपासत होतीस की," ती म्हणाली.

मग आम्ही दोघी शेजारी बसलो, एकीनं लिहायचं आणि दुसरीनं ऐकून तपासायचं. चार महिने गेले. नवा नकाशा आला तो दोन्ही तालुक्यांवर जवळजवळ एकाच रंगाचा. फरक होता तो एकाच घरात, सासूच्या आणि शिकलेल्या सुनेच्या बोलण्यात. आणि घराएवढी जागा नकाशावर नव्हती.

सरांनी तो बराच वेळ पाहिला. "यात दाखवायचं काय?" ते म्हणाले.

तोवर परिसंवादातला निबंध छापून आला होता. कालवा, टेल आणि तांबडा-निळा नकाशा, सगळ्यासकट. दुरुस्तीचं पत्र सरांनी पाठवलं नाही. निबंधाखाली तिसरं नाव माझं होतं. मीही पाठवलं नाही.