ह्यांच्या दाताखालचे रेशे

अठ्ठेचाळीस वर्षं मी चारचौघांत छाती ठोकून सांगत आले, की आमच्या ह्यांनी मटणाला कधी बोटही लावलं नाही. एवढी मूर्ख बाई उभ्या डब्लिनमध्ये नसेल.

आम्ही मुलीकडे आलो होतो. तिने ग्रँड कॅनाल डॉकजवळच्या एका साध्याशा नायजेरियन हॉटेलात नेलं. सगळं शाकाहारी, दूधसुद्धा नाही. चवळीची गरम भजी बघून मी तर खूश झाले. मग 'सुया' नावाचा पदार्थ आला. शेंगदाण्याचा तिखट मसाला लावून काडीवर भाजलेली अळंबी. ह्यांनी घास चावला आणि डोळे मिटून म्हणाले, "मसाला फक्कड. पण मटणासारखे रेशे नाही सुटत."

मी भजं खाली ठेवलं. "तुम्हाला काय माहीत रेशे?"

हे पाणी शोधू लागले. मुलगी हसू दाबत होती.

"तुलाही ठाऊक होतं?"

"आई, सगळ्यांनाच ठाऊक होतं गं."

म्हणजे दर रविवारी मित्राकडे पत्ते खेळून हे 'भूक नाही' म्हणत यायचे, तेव्हा मी शहाणी ह्यांच्या हातावर ओवा ठेवायचे! मटणाचं एवढं नाही वाटलं. अख्खं घर माझ्या ओव्याला हसत होतं, ते लागलं.

परतताना डार्टमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, मी तोंड फिरवून बसले. दोन स्टेशनं गेल्यावर हे हळूच म्हणाले, "अगं, तू इतक्या कौतुकाने सांगायचीस, की तुला खोटं पाडणं माझ्या जिवावर यायचं."