पुढच्या प्रोसेसरची सोय

लिफ्टवाल्या काकांना एका जागी बसणं कधी जमलंच नाही. एकतीस वर्षं त्यांनी लिफ्टच्या डब्यावर उभं राहून दोर तपासले, ब्रेक आवळले. घरीही गळका नळ नाहीतर खडखडणारा पंखा, काहीतरी हाताशी लागायचंच. मूत्रपिंडांनी हात टेकले तेव्हा वाट्याला आलं ते नेमकं पडून राहणं. आठवड्यातून तीन सकाळी डायलिसिस, चार-चार तास, डाव्या हातात दोन सुया आणि तो हात हलवायचा नाही.

दूर राहणाऱ्या लेकीने सुचवलं, "बाबा, गेमिंगचा कॉम्प्युटर करा. तयार आणू नका, स्वतः जोडा. मग आपण दोघं शर्यती खेळू."

काका कामाला लागले. कॅबिनेट ठरलं, स्क्रीन ठरला, ग्राफिक्स कार्डही ठरलं. गाडी अडली मदरबोर्डपाशी.

दुकानदाराने दोन बोर्ड पुढे ठेवले. एक जुन्या जातीचा, पक्का. पण त्याच्यावर बसणारे नवे प्रोसेसर आता निघणार नव्हते. दुसरा नवा. "याच्यावर पुढचेही प्रोसेसर बसतील, काका. पाच-सहा वर्षं बघायला नको."

तो आपला सहज बोलून गेला. काकांच्या डोक्यात मात्र ती पाच-सहा वर्षं माशीसारखी घोंघावू लागली.

पुढच्या डायलिसिसला ते उजव्या हातात मोबाइल धरून दोन्ही बोर्डांची माहिती खालीवर करत होते. चादरीखाली पाय सारखे हलत होते.

"प्रेशर वाढलंय, काका," सिस्टर म्हणाली. "काय बघताय एवढं?"

"मदरबोर्ड. कॉम्प्युटरचं सगळं त्याच्यावर बसतं. बाकी काहीही बदलता येतं. हा बदलायचा म्हणजे सगळंच उसवायचं."

"मग चांगलासा घ्या की."

"चांगला म्हणजे किती वर्षं पुरेल असा?"

सिस्टरने नळी तपासली. "मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही."

"मी कॉम्प्युटरचं विचारत नव्हतो."

तिने त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "तेही कळत नाही, काका. आणि पाय हलवू नका."

घरी येऊन त्यांनी दुकानदाराला फोनवर जुना बोर्ड सांगितला. तासाभरात नको म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी नवा सांगितला आणि जेवायच्या आत तोही रद्द केला. दुकानदार आता त्यांचा आवाज ऐकला की उसासा टाकायचा.

शेवटी बायको वैतागली. "अहो, त्या नव्यात वाईट काय आहे?"

"वाईट काही नाही." काका स्वयंपाकघराच्या दारात येरझाऱ्या घालत होते. "पण पुढचा प्रोसेसर बसवायला मी असेन का?"

बायकोने गॅस बंद केला. रडेल असं त्यांना वाटलं, पण ती चिडली होती. "म्हणजे मी काय त्याला हात लावायचा नाही? तुम्ही नसलात तर मी बसवेन. दाखवून ठेवा."

काका चप्पल शोधू लागले. तिला बरोबर घेऊनच दुकानात गेले आणि नवा बोर्ड, त्याचा प्रोसेसर आणि बाकीचं सगळं घेऊन आले.

डाव्या हातावर जोर द्यायची बंदी होती, म्हणून जेवणाच्या टेबलावर सांगणारे ते आणि करणारी ती. प्रोसेसर ठेवून तिने त्याला पकडून धरणारी दांडी खाली दाबली, तशी करकर झाली. दोघंही दचकले.

"मोडलं?"

"नाही गं. असाच आवाज येतो. दाब."

सगळं जोडून बटण दाबलं, तर पंखे फिरले पण स्क्रीन काळाच. काका घाईघाईने एकेक सुचवू लागले. रॅम काढून परत बसवली, कार्ड हलवून पाहिलं, बोर्डच खराब निघाला म्हणून दुकानदाराला फोन करायला निघाले.

"आणि ही वायर कशाची लोंबतेय?" बायकोने विचारलं.

प्रोसेसरला वीज देणारीच ती. तिने खोचली आणि स्क्रीन उजळला. तिने टाळी वाजवली, लेकीला फोटो पाठवला, खुर्ची पुढे सरकवली. "बसा आता."

काका बसले नाहीत. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

"आता काढ."

"काय काढू?"

"आधी वरचा पंखा, मग खालचा प्रोसेसर. काढ आणि पुन्हा बसव. या वेळी मी एक शब्द बोलणार नाही."

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पेचकस उचलला आणि पहिला स्क्रू सैल करू लागली.