चेनवालीची सुट्टी

तिला सगळे चेनवाली म्हणतात. वय सोळा. जिन्याखालच्या तिरक्या जागेत तिचं दुकान. तिथे उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून दिवसभर बसूनच. बॅगेची चेन, जाकिटाची, पर्सची. मिटत नसेल, दात सोडत असेल, तर घेऊन या. दुसरीकडे अख्खी चेन बदलून देतात, ही आधी रनर, म्हणजे चेनीवर सरकणारा तुकडा, बघते. रनर सैल झाला असेल तर पक्कडीने दोन्ही कडा बेताने दाबायच्या. जास्त दाबला की अडकून बसतो. हे तिला कुणी शिकवलं नाही. दहाव्या वर्षी शाळा सोडली तेव्हा दप्तर रिकामं झालं, त्याच दप्तराची चेन खोलून खोलून ती शिकली.

शाळा का सोडली? शाळेला निघायच्या वेळी पोर रोज सकाळी ओकायची, म्हणून. याहून मोठं कारण हवं असेल तर आपापल्या घरी शोधा.

बाप इस्पितळात वॉर्डबॉय, आई घरात शिवणकाम करते. दोघांनी ठरवलं, पोरगी घरीच शिकेल, तिच्या मनाने. बापाने एक नियम घातला: तिने विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही. आणि विचारलं तरी आधी उलट विचारायचं, "तुला काय वाटतं?" नियम वाईट नव्हता. त्याच्यावरच ती वाचायला लागली, हिशेब शिकली, मोठ्यांशी भांडायला शिकली, आणि तेराव्या वर्षी जिन्याखाली पाट टाकून बसली.

मग सुरू झालं कौतुक. कौतुकासारखी चिवट गोष्ट नाही. लोक मुलांना बोटाला धरून दाखवायला आणू लागले, जिन्यात वाकून फोटो काढू लागले. "बघा, शाळेशिवाय!" म्हणणारे तेच, आणि पाठ वळली की "बघू किती दिवस टिकते" म्हणणारेही तेच. आत्याने तर तोंडावर सांगितलं, "शाळा सोडलीस ती सोडलीस, आता धंदा तरी सोडू नकोस बाई. आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेव."

आत्याच्या तोंडाला जागा कधी कमी पडलीय म्हणा! पण पोरीने ते मनाला लावून घेतलं. शाळेत जाणाऱ्या पोराला कंटाळा आला तर लोक शाळेला नावं ठेवतात. हिला कंटाळा आला तर दोष हिचा, हिच्या आईबापाचा, वर घरी शिकणाऱ्या झाडून सगळ्या पोरांचा. नाकापेक्षा मोती जड, तो असा.

यंदा शाळा उघडायच्या तोंडावर बॅगवाला आला. गिऱ्हाइकांनी परत केलेल्या बॅगा, गोण्या भरभरून. "मॅडम, शाळा उघडायच्या आत द्यायच्या. जमेल ना? का दुसरा बघू?" असं विचारलं की ही नाही म्हणणार? घेतल्या.

पक्कड दाबून दाबून अंगठा सुजला. जेवताना चमचा डाव्या हातात गेला. आईने पाहिलं. पोरगी बॅग मांडीवर घेऊन बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची, दचकून पुन्हा पक्कड उचलायची. आईने तेही पाहिलं.

"सांगू का तिला?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तिने विचारलंय?"

"नाही."

"मग?"

मग काय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आई मशीन चालवत राहिली. आणि पोरगी विचारीना, कारण विचारायचं म्हणजे थकले म्हणून कबूल करायचं.

एका सकाळी ती उठून खाटेच्या कडेलाच बसली. केस तसेच, पक्कड मांडीवर.

"आई, आज दुकान बंद ठेवू का?"

इतक्या वर्षांची सवय. आईच्या तोंडून निघून गेलं, "तुला काय वाटतं?"

पक्कड भिंतीवर आदळली.

"मला काही वाटत नाही! दर वेळी मलाच का वाटलं पाहिजे? तुम्हा दोघांना कधीच काही वाटत नाही का गं? एकदा तरी सांग ना!"

मशीन थांबलं.

"बंद ठेव," आई म्हणाली. "झोप."

"बॅगवाला?"

"त्याला मी बघते."

"आणि आत्या?"

"तिलाही बघते. झोप आधी."

पांघरूण घ्यायच्या आधीच तिचा डोळा लागला.

बॅगवाला दुपारी आला. "मॅडम कुठायत?"

"झोपलीय."

"ह्या वेळेला? अहो ताई, हा धंदा आहे का भातुकली?"

"धंदाच आहे. म्हणून सुट्टी आहे. तुमचं दुकान बंद असतं त्या दिवशी आम्ही येऊन शटर वाजवतो का?"

"मग माझा माल द्या परत."

"न्या की. ह्या झालेल्या, त्या राहिलेल्या. उचला."

तो गोण्या ओढता ओढता पुटपुटला, "शाळेत घातली असती तर शिस्त तरी लागली असती."

"शिस्त लागलीय म्हणूनच अंगठा सुजलाय," आई म्हणाली. "आणि हळू बोला, ती उठेल."

तो गेला तो गेलाच. पुन्हा एकही बॅग त्याने पाठवली नाही. आत्याला बातमी पोचायला संध्याकाळही लागली नाही.

बाप कामावरून आला, जिन्याखालची रिकामी जागा बघून दारातच थांबला.

"बंद करायला कुणी सांगितलं?"

खाटेवरून आवाज आला, "आईने. मी विचारलं होतं, बाबा."

त्याने तोंड उघडलं. ते तीन शब्द जिभेवर आले असणार, सहा वर्षांत दुसरं काही तिथे आलंच नव्हतं. त्याने ते गिळले. चपला काढल्या, पाणी गरम करत ठेवलं, भांडं घेऊन खाटेशी बसला.

"दाखव," तो म्हणाला.

तिने हात पुढे केला. त्याने सुजलेला अंगठा दोन बोटांत धरला.

"बेताने," ती म्हणाली.