ओंजळभर खडेमीठ

झरीच्या फाट्यावर बॅटऱ्या दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. बोलण्याआधी ते नेहमी हात पुसतात, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य धुतल्यासारखं वाटतं. जुन्या बॅटऱ्या धुतलेलं शिशाचं पाणी ते मागच्या ओढ्यात ओतायचे. "गोदावरी नेती की समुद्रात. समुद्र लय मोठा हाय, सर."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, गप्प बसवेना. सांगितलं, बरंचसं शिसं खोल समुद्रात जातच नाही. नदीच्या मुखाशी खारं पाणी लागलं की ते गाळाला धरून तळाशी बसतं. तो गाळ शिंपल्यांच्या पोटात जातो आणि शिंपले माणसांच्या.

त्यांनी हात पुसून मान डोलावली.

पुढच्या खेपेला पाहिलं, तर ते धुण्याचं पाणी टाक्यात साठवून त्यात ओंजळभर खडेमीठ टाकत होते. "तुमचं पटलं, सर. आता शिसं हितंच बसायलंय."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं शिकवणं अमलात आणलं होतं. मी भारावून विचारलं, "आणि खाली बसलेला गाळ?"

"वाफ्यात टाकतो. वाया कशाला घालवायचा?" टाक्यामागची मेथी उपटून त्यांनी भरघोस जुडी माझ्या पिशवीत घातली. मग हात पुसले. "आपल्याकडं शिंपले कोण खातंय?"