सहा दिवसांची शून्यं

माझी मावशी कारखान्यात धूळ मोजायची. झाडायची नाही, मोजायची. हे ती प्रत्येक नव्या माणसाला बजावून सांगे. लोखंड घासण्याच्या शेडमध्ये भिंतीवर एक यंत्र होतं. त्याचा रोजचा आकडा ती नोंदवायची आणि महिन्याची सरासरी साहेबांकडे पाठवायची. सरासरी पाचाच्या वर गेली की धूळ ओढणारे पंखे बसवायचे, असा नियम होता. त्याच शेडमध्ये तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, कामाला होता.

नोंदवहीत रकाना रिकामा ठेवणं तिच्या लेखी पाप होतं. मागाहून कोणी तिथे काहीही लिहील! यंत्र तर सारखं बिघडायचं. ते बंद असलं की ती त्या दिवशी ठसठशीत शून्य काढायची. तेव्हा त्याने काही बिघडत नव्हतं, कारण भागाकार करताना ती यंत्र चालू असलेले दिवसच बोटांवर मोजायची.

मग कॉम्प्युटर आला. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात ती सरासरीचं फंक्शन शिकून आली. बरोबरचं चिन्ह, फंक्शनचं नाव, कंसात पहिला रकाना ते शेवटचा रकाना, की उत्तर हजर. पन्नाशीत शिकलेल्या या विद्येचं तिला कोण कौतुक! बोटांना सुट्टी मिळाली. शून्यं मात्र ती इमानेइतबारे भरत राहिली.

तीन वर्षं सरासरी पाचाच्या आत राहिली आणि मामाचा खोकला वाढत गेला. कामगारांनी पंखे मागितले की साहेब मावशीचा कागद पुढे करायचे. मामा हसून म्हणायचा, "ताईचा आकडा आहे. त्याच्यापुढे माझ्या छातीचं कोण ऐकणार?"

एका रविवारी मावशीने मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. तिला अहवालासाठी रंगीत आलेख हवा होता.

"मावशी, ही सहा शून्यं कसली?"

"यंत्र बंद होतं त्या दिवसांची."

"अगं, फंक्शन रिकामा रकाना सोडून देतं, पण शून्य धरतं. त्या सहा दिवशी धूळच नव्हती, असा हिशेब झालाय हा."

मी शून्यं पुसली. चार पूर्णांक दोनचे पाच पूर्णांक सहा झाले. क्षणभर मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं, याची आजही लाज वाटते. मावशीने माझ्या हातून माउस घेतला आणि मागचा महिना उघडला.

संध्याकाळपर्यंत तिने छत्तीस महिने तपासले. एकोणतीस महिने पाचाच्या वर निघाले. तिच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. मी हळूच म्हटलं, "यापुढचं नीट कर. मागचं कोण बघतंय?"

"तुझा मामा खोकतोय, ते मागचंच आहे ना?"

सोमवारी तिने चूक लिहून, खाली सही करून कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. नोकरीचं काय होईल, हे तिने विचारलंही नाही. तिथून ती तडक मामाकडे गेली. मीही सोबत होते. ती बसली नाही, दारातच उभी राहिली.

"माझ्यामुळे झालं रे. यंत्र बंद असायचं, त्या दिवशी मी शून्य लिहीत गेले."

मामा बराच वेळ खोकत राहिला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

"ताई," तो म्हणाला, "यंत्र बंद होतं. आम्ही कामावर होतो गं."