आधी ते सहा रॉड

ॲड. महानंदाताई कोरे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात वकील मंडळी त्यांच्या व्यासंगावर लिहितीलच. मी हदगावचा विजेच्या सामानाचा दुकानदार. ताईंची आणि माझी पहिली भेट झाली ती मी आरोपी होण्याच्या बेतात असताना, हे आधीच सांगून टाकतो.

त्या हिवाळ्यात मी एका घाऊक व्यापाऱ्याकडून पाणी तापवायचे चोवीस परदेशी रॉड आणले होते. स्वस्त आणि चकचकीत. खोक्यावर ना आयात करणाऱ्याचं नाव, ना पत्ता. रॉडवर आयएसआयचा शिक्काही नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी अठरा रॉड सील केले आणि नोटीस हातात ठेवली. दुकान जातं की काय, या धास्तीने मी नांदेडला ताईंचं ऑफिस गाठलं. ताई मूळच्या जळकोटच्या, व्यापाऱ्याच्या घरातल्या. आपल्यातल्याच आहेत, काहीतरी पळवाट काढतील, अशी माझी अटकळ.

ताईंनी नोटीस वाचली. "आणले चोवीस, सील झाले अठरा. बाकीचे सहा कुठं हायत?"

"विकले. किनवटला, मुलींच्या वसतिगृहाला."

"आधी तिथं फोन लावा. वापर बंद करायला सांगा."

"पण ताई, नोटिशीत त्या सहांचं नावच न्हाई," मी शहाणपणा केला.

"नोटिशीत न्हाईत हो, पोरींच्या बादलीत हायत की! उद्या सकाळी शिक्क्याचे सहा घेऊन किनवटला या. मी रेल्वेनं येते."

मी फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही वसतिगृहात पोचलो. रविवार असल्याने अंघोळी उशिरापर्यंत चालल्या होत्या. न्हाणीघरात एक रॉड चालूच होता. गृहपालबाई ओशाळल्या. "कालपासून बंदच होते हो. पण सकाळी थंडी लई, म्हणून एकच लावून राहिलो."

बादली लोखंडी होती. ताईंनी मला टेस्टर लावायला सांगितलं. काठाला टेकवताच त्याचा दिवा लागला; बादलीतच करंट उतरला होता. शेजारी टॉवेल खांद्यावर टाकून सात-आठ मुली रांगेत उभ्या होत्या. ताईंनी बटण बंद केलं, सहाही रॉड पिशवीत भरले, नवे दिले आणि 'बटण बंद केल्याबिगर पाण्याला हात लावायचा न्हाई' हे मुलींकडून दोनदा वदवून घेतलं.

परतताना स्टेशनवर मी काही खायला तयार नव्हतो. ताईंनी डबा उघडून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. "खावा. तुम्ही उपाशी राहिल्यानं कायदा काय माफ करणार हाय व्हय?" एवढं रागावलेलं माणूस इतक्या मायेने वाढू शकतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

नोटिशीच्या उत्तरात ताईंनी ते सहा रॉडही लिहिले आणि जमा केले. मी चिडलो. हे म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं! ताई शांतपणे म्हणाल्या, "अर्धं लपवायचं आसंल तर दुसरा वकील बघा." मी सही केली. दंड झाला, तो भरला. दुकान राहिलं.

पुढे लातूरला ताईंनी व्यापाऱ्यांसाठी महिन्यातून एकदा बैठक सुरू केली. ज्याने त्याने दुकानातलं एक खोकं आणायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं: माल कुठल्या देशाचा, आणला कुणी, किंमत काय, शिक्का आहे का. एकदा एक दुकानदार कुरकुरला, "ताई, एवढं कोण बघतंय?" ताई म्हणाल्या, "पोरीला स्थळ आलं की घर-गाव विचारता ना? मग मालाचं विचारायला लाज कशाची?" बैठक हसली, आणि त्या माणसाने खोकं मुकाट्याने उलटं करून वाचलं. मी आजही त्या बैठकीला जातो, आणि बिनशिक्क्याचा माल दारातूनच परत पाठवतो.

हदगावात मी आजवर 'दंड झाला' एवढंच सांगत आलो; किनवटचं कुणाला बोललो नाही. ताईंनी माझं ऐकलं असतं, तर ते सहा रॉड कुणाच्या ध्यानातही आले नसते आणि रांगेतली पहिली मुलगी त्या बादलीत हात घालून मोकळी झाली असती. ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांनी ते कुणाला मिळवून दिलं, हे त्या मुलींना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.