आकडे नसलेलं घड्याळ

सलूनवाल्याची मुलगी दुसरीत होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण दुकानातली फिरती खुर्ची रिकामी दिसली की ती तिच्यावर बसून गरगर फिरायची. आई दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला, ती यायची अंधार पडल्यावर. म्हणून शाळा सुटली की भिंगरी थेट दुकानात. त्या वेळी गिऱ्हाईक तुरळक असायचं, मग बापलेकीचा अभ्यास चालायचा. ती आरशासमोरच्या खुर्चीत, मांडीवर पाटी, आणि तो तिच्यामागे उभा, हातात कंगवा. कंगव्याशिवाय त्याला धड उभं राहता येत नसे, शिकवणं तर दूरच.

या तासाभरावर त्याचा भारी जीव होता. सकाळी ती उठायच्या आत तो दुकानात पोचलेला असे, आणि रात्री तो घरी जाईपर्यंत तिचे डोळे मिटायला लागलेले. लेक भेटायची ती एवढीच. तो स्वतः फार शिकलेला नव्हता, पण पाढे तोंडपाठ होते, आणि बाबांना येत नाही असं जगात काही नाही हे भिंगरीचं ठाम मत होतं. त्यालाही हे मत मनापासून पटलेलं होतं.

घड्याळाच्या धड्याला माशी शिंकली. आकड्यांचं घड्याळ भिंगरी पुस्तकावरूनच शिकली होती. पुढचा धडा आकडे नसलेल्या घड्याळाचा. बाप म्हणाला, "त्यात काय, तसलं तर आपल्या दुकानातच आहे." आणि होतंच. मागच्या भिंतीवर, गिऱ्हाइकांच्या बाकड्याच्या वर, तेलाच्या एजंटाने भेट दिलेलं मोठं गोल घड्याळ, आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा. समोरच्या आरशात ते स्वच्छ दिसायचं. केस कापता कापता आरशात नजर टाकायची आणि वेळ सांगायची हे तो लग्नाच्या आधीपासून करत आला होता. त्या घड्याळाकडे वळून बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. घरी तर घड्याळच नव्हतं, तिथं काम मोबाइलवर भागायचं.

तो आरशात बोट दाखवून विचारायचा, "सांग पाहू?" आणि भिंगरी आठवडाभरात पोपटासारखी बोलायला लागली. सव्वाचार, साडेचार, पावणेपाच. चुकायचं नाव नाही. बाप एवढा खूश की दाढीला बसलेल्या माणसांनाही तिची परीक्षा घ्यायला लावायचा. तोंडाला फेस फासलेला माणूस नाही कसा म्हणणार?

आणि शाळेच्या चाचणीत भिंगरीने सगळी घड्याळं चुकवली. बारा आणि सहा तेवढे बरोबर. तीनला नऊ, पाचला सात, पावणेचारला तिने सव्वाआठ लिहिलं होतं. सलूनवाला कागद उलटा धरून बघून झाला, सुलटा धरून बघून झाला. त्याला तिचं सगळंच बरोबर वाटत होतं. बाईंनी दुसऱ्या कुणाचा तरी कागद तपासून हिच्या हातात दिला, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. पण वर हिचंच नाव, हिच्याच वाकड्या अक्षरात.

बाईंनी त्याला शाळेत बोलावलं.

"घरी काय शिकवता तुम्ही हिला?" बाईंनी विचारलं. "आकडे असले की बरोबर सांगते, आकडे काढले की अंदाजपंचे ठोकते. शुक्रवारी मी परत विचारणार आहे. नाही जमलं तर शाळा सुटल्यावर तिला मागं पडलेल्या मुलांच्या वर्गात बसवावं लागेल, रोज तासभर. आणि तोवर घरी काही शिकवू नका, उगाच गोंधळ वाढतो."

रोज तासभर म्हणजे त्याचाच तास.

"बाई, तिला येतं हो," तो म्हणाला. "माझ्यासमोर धडाधड सांगते. तुम्ही विचारून बघा."

बाईंनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं, रेघा मारल्या, दोन काटे काढले. "किती वाजले?"

भिंगरीने आधी बापाकडे पाहिलं, मग हळूच सांगितलं, "सात."

"बघा," बाई म्हणाल्या.

सलूनवाल्याने फळ्याकडे नीट पाहिलं. लहान काटा, मोठा काटा, सगळं तपासलं. "बाई," तो चाचरत म्हणाला, "सातच वाजलेत की."

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. "पाच," बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्या हळू आवाजानेच त्याचा जास्त पाणउतारा झाला. पोरीचा हात धरून तो बाहेर पडला, तेव्हा भिंगरी मात्र खुशीत होती. बाबांना पण सातच दिसले होते, म्हणजे बाईच चुकल्या. तिच्यापुरता प्रश्न मिटला होता.

त्याच्यापुरता तो आता कुठे सुरू झाला होता. दुकानात येतो तो निवृत्त पोस्टमन दाढीसाठी बसलेला. फेस फासून घेता घेता त्याने विचारलं, "किती वाजले रे?" सलूनवाल्याने आरशात पाहिलं आणि जीव मुठीत धरून म्हणाला, "सव्वाचार?" पोस्टमनने मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "बरोबर," तो म्हणाला. "पण विचारतोस काय? तू सांगायचंस ना मला."

म्हणजे घड्याळ बरोबर, आपण बरोबर, पोरगी बरोबर, आणि तरी शाळेत सगळं चूक. सलूनवाल्याचं डोकं भणभणायला लागलं. पोस्टमनच्या एका गालावरून त्याने दोनदा वस्तरा फिरवला आणि दुसरा तसाच ठेवून पैसे मागितले.

गिऱ्हाईक गेल्यावर त्याने स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते त्याच्या हातात आलं, आणि बघतो तर सव्वासात वाजलेले. "पडलं वाटतं बंद," तो पुटपुटला. कानाला लावलं, तर टिकटिक चालू. त्याने ते भिंगरीच्या हातात दिलं, ती ते छातीशी धरून आरशासमोर उभी राहिली, आणि मागून त्याने आरशात पाहिलं. पावणेपाच. तो वळसा घालून तिच्या पुढे आला. सव्वासात. परत मागे गेला. पावणेपाच. असा तो लेकीभोवती घिरट्या घालत राहिला.

"बाबा, तुम्हीच भिंगरी झालात," ती म्हणाली.

तेव्हा तो थांबला. आरशात डावं कुठलं आणि उजवं कुठलं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. या जन्मात त्याने एकाही माणसाचा भांग चुकीच्या बाजूला काढला नव्हता. भांग तेवढा आरशात उलटा दिसतो आणि घड्याळ नाही, असं कसं असेल? तो मटकन बाकड्यावर बसला. लाज वाटली, हसूही आलं, आणि सगळ्यात जास्त कणव आली ती त्या कागदाची, ज्यावर पोरीने त्याचंच शिकवणं शब्दाला शब्द उतरवून ठेवलं होतं.

"भिंगरी, इकडं ये," तो म्हणाला. "तुझं काही चुकलं नाही गं. मी तुला आरशातलं घड्याळ शिकवलं. आरशात सगळं उलटं दिसतं, आणि मी त्यालाच सुलटं धरून वाचत आलो. बाई बरोबर आहेत. चूक माझी."

घड्याळ तसंच पोटाशी धरून भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने एकदा आरशाकडे पाहिलं, एकदा त्याच्या हातातल्या कंगव्याकडे, आणि अगदी समजूतदारपणे विचारलं, "आणि पाढे, बाबा? ते बरोबर आहेत ना?"

"म्हणजे काय, पाढे तर..." तो म्हणाला आणि अडखळला. बे साते चौदा, बे आठे सोळा, त्याने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. बरोबरच होतं. बरोबरच असणार. पण फळ्यावरचे सातही असेच बरोबर होते.

"उद्या बाईंना विचार," तो म्हणाला.